उकसाणचे गोडसे आणि ‘इस्माइल’ची गोष्ट

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते नथुराम गोडसेबद्दल. त्यातले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे होते. ‘त्याने हातावर इस्माइल असं गोंदवून घेतलं होतं, हे खरं का?’ काहींनी पुढे जोडलं होतं, ‘सुंताही करून घेतली होती म्हणे.’ एकाने विचारलं होतं की त्याला लहानपणी मुलगी म्हणून वाढवलं, त्याचा खुनाशी काय संबंध? आणि लोणावळ्याच्या एका श्रोत्याने लिहिलं की गोडसे मूळचे आपल्या मावळातले, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही.

तर तिथूनच सुरू करू. लोणावळ्याहून पुण्याची लोकल पकडली की मळवलीनंतर कामशेत लागतं. तिथून आत नाणे मावळात उकसाण नावाचं गाव आहे. आता त्या भागात लोक वडिवळे धरणाचं पाणी बघायला, पावसाळ्यात फोटो काढायला जातात. गोडसे घराणं या उकसाणचं. घर, थोडी शेती, चित्पावन कुटुंब. नथुरामचे वडील विनायकराव टपाल खात्यात नोकरीला होते, म्हणजे बदलीची नोकरी. नथुरामचा जन्म १९ मे १९१० चा, बारामतीचा. १९२९ मध्ये वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांशी या मुलाची गाठ पडली. मॅट्रिक नापास, मग सांगलीत शिवणकामाचं दुकान, तिथेच संघाशी संबंध, मग हिंदू महासभा, मग पुण्यात १९४४ पासून ‘अग्रणी’ दैनिक. ते पुढे ‘हिंदू राष्ट्र’ झालं. या सगळ्याची नोंद आहे, साक्षीपुरावे आहेत. यात गूढ असं काही नाही. टपाल खात्यातल्या माणसाचा मुलगा, गावाकडे वडिलोपार्जित घर, पुण्यात छापखाना. अशी शेकडो माणसं तेव्हा होती.

आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. इतक्या मोठ्या माणसाला मारणारा इतका ओळखीचा असावा, हे पचत नाही. मग त्याचा भूतकाळ खणून काहीतरी विचित्र शोधायचं. सापडलं नाही तर बनवायचं.

‘मुलगी म्हणून वाढवलं’ ही गोष्ट घ्या. ती बनवलेली नाही, ती घरातूनच आलेली आहे. भाऊ गोपाळ गोडसे यांनी ती सांगितली. नथुरामच्या आधीचे तीन मुलगे तान्हेपणीच गेले, मुलगी तेवढी जगली. म्हणून या मुलाच्या नाकात नथ घातली, मुलीसारखं वाढवलं. पाळण्यातलं नाव रामचंद्र, पण नथ घातलेला राम म्हणून नथुराम. पुढे धाकटा भाऊ जन्मला आणि जगला, तेव्हा हा रीतसर मुलगा झाला. लहानपणी त्याच्या अंगात येत असे, कुलदेवतेसमोर बसून तो घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देई, असंही घरचे सांगत. आशिष नंदी यांच्यासारख्या विचारवंताने गांधीहत्येवरच्या निबंधात या बालपणाला पुष्कळ महत्त्व दिलंय. पुरुषत्वाबद्दलची अस्वस्थता, गांधींच्या ‘बायकी’ राजकारणाचा तिटकारा, असा तो धागा आहे. निबंध वाचण्यासारखा आहे, पण त्याचं जे स्वस्त रूप व्हॉट्सॲपवर फिरतं त्यात फक्त एवढंच उरतं, ‘नथ घातली म्हणून डोकं बिघडलं.’

आता आपल्या गावागावांतली जुनी माणसं आठवा. धोंडू, दगडू, केरू, उकिरडा. ही नावं कुठून आली? मुलं जगत नसली की जन्मलेल्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे नजर लागणार नाही, यम फिरकणार नाही. केरात ठेवून उचलायचं, म्हणून केरू. मुलग्याच्या नाकात नथ घालणं हे त्याच जातीचं. बालमृत्यू इतके होते की असं नाव एखाद्या घरी सापडलं नाही तरच नवल. मावळातल्या प्रत्येक धोंडूने आणि दगडूने पिस्तूल उचललं असतं तर काय झालं असतं, विचार करा!

‘इस्माइल’ची गोष्ट मात्र निराळी आहे. ती अशी सांगतात की खून मुसलमानाने केला असं वाटून देशभर दंगे पेटावेत, म्हणून नथुरामने सुंता केली, हातावर मुसलमानी नाव गोंदवलं. गोडसेच्या विरोधातली माणसं ही गोष्ट सांगतात, म्हणून ती खरी मानायची का? मी मानत नाही. का, ते सांगतो.

लाल किल्ल्यात खटला चालला. न्यायाधीश आत्माचरण. सरकारी पक्षाचे वकील चंद्रकिसन दफ्तरी. सरकारतर्फे १४९ साक्षीदार तपासले गेले. हॉटेलातली माणसं, टॅक्सीवाले, रेल्वेचे कर्मचारी. आरोपीच्या हातावर परधर्मीय नाव गोंदलेलं असतं तर कटाचा याहून मोठा पुरावा कुठला? सरकारी पक्षाने तो पहिल्या दिवशी कोर्टासमोर ठेवला असता. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालपत्रात या गोंदणाचा आधार कुठेही घेतलेला नाही.

दुसरं, त्याने वापरलेली खोटी नावं बघा. जानेवारीत दिल्लीच्या मरीना हॉटेलात नथुराम आणि नारायण आपटे उतरले ते देशपांडे म्हणून. विमानाने गेले तेव्हा एकदा करमरकर आणि मराठे, दुसऱ्यांदा नारायणराव आणि विनायकराव. मुसलमान असल्याचं सोंग करणारा माणूस खोटं नाव घेताना देशपांडे होईल का हो? आणि मरीना हॉटेलात धोब्याकडे दिलेले कपडे मागे राहिले, त्यांवर एन. व्ही. जी. ही अक्षरं होती. नथुराम विनायक गोडसे. लपण्याची ही काय पद्धत?

तिसरं म्हणजे तो पळाला नाही. ३० जानेवारीला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर बिर्ला भवनात तीन गोळ्या झाडल्या आणि तिथेच पकडला गेला. त्याआधी १३ आणि १४ जानेवारीला त्याने आपल्या विम्याच्या पॉलिसींवर नावं लावून ठेवली होती. दोन हजारांच्या पॉलिसीवर आपटेची पत्नी, तीन हजारांच्या पॉलिसीवर गोपाळची पत्नी. आपण कोण हे जगाला कळावं असंच त्याला वाटत होतं. पुढे कोर्टात तासन् तास निवेदन वाचलं ते त्याचसाठी.

मग ही गोष्ट जन्मली कशातून? त्या संध्याकाळच्या भीतीतून. फाळणीनंतर अवघे साडेपाच महिने झाले होते. बातमी फुटल्याबरोबर पहिली कुजबूज हीच झाली की मारणारा मुसलमान होता. माउंटबॅटन बिर्ला भवनात पोचले तेव्हा गर्दीत कुणीतरी हेच ओरडलं आणि त्यांनी तिथल्या तिथे, तो हिंदू होता असं दरडावून सांगितलं, हे त्यांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने नोंदवलंय. आकाशवाणीनेही मारेकरी हिंदू आहे हे मुद्दाम सांगितलं. ती अफवा खरी होती, तिची भीती खरी होती. त्या अफवेला पुढे कुणीतरी हात जोडला आणि त्या हातावर गोंदण काढलं.

पण मारेकरी कोण हे कळल्यावर महाराष्ट्रात काय झालं? पुण्यात, सातारा भागात, सांगलीत, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत नारायणराव सावरकरांवर जमावाने दगडफेक केली, ते त्यातून नीट सावरलेच नाहीत, पुढच्या वर्षी गेले. आडनाव आणि जात एवढ्यावर माणसं गुन्हेगार ठरली. म्हणून ‘पार्श्वभूमी’ हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. एकीकडे त्याला परका ठरवायची धडपड, दुसरीकडे त्याच्या जातीतल्या सगळ्यांनाच त्याचे साथीदार ठरवायची घाई.

उलट बाजूच्या गोष्टीही आहेतच. चौथी गोळी कुणी झाडली, परदेशी गुप्तहेरांचा हात होता, गोडसेच्या गोळ्यांनी गांधी गेलेच नाहीत, वगैरे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना मदतीला नेमलं, त्यांनी कागद तपासून दुसरा मारेकरी असल्याचा पुरावा नाही असं सांगितलं, आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. यावर अधिक वेळ घालवत नाही.

संघाचा प्रश्न मात्र अफवेचा नाही, तो वादाचा आहे. नथुरामने कोर्टात सांगितलं की आपण काही वर्षं संघात काम केलं आणि मग हिंदू महासभेत गेलो. संघ म्हणतो, त्याने संघ सोडला होता. गोपाळ गोडसे १९९४ च्या मुलाखतीत म्हणाले की त्याने संघ सोडलाच नव्हता, कोर्टातलं बोलणं संघाला वाचवण्यासाठी होतं. इथे कागद आहेत, जबाब आहेत, त्यांवर भांडता येतं. सावरकरांचंही तसंच. १९४९ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि वीस वर्षांनी कपूर आयोगाने त्यांच्या गटाकडे बोट दाखवलं. यावर वाद घाला, हवा तेवढा घाला.

आता पुन्हा मावळात येऊ. १४ जानेवारी १९४८. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत नथुराम आणि आपटे बसलेत. त्याच डब्यात अभिनेत्री शांता मोडक आहेत, गप्पा होतात, आणि दादरला उतरल्यावर त्यांच्या भावाच्या गाडीतून या दोघांना सावरकर सदनाजवळ सोडलं जातं. शांताबाईंनी हे कोर्टात सांगितलं. ही गाडी कामशेत, लोणावळा करत घाट उतरली. खिडकीबाहेर नथुरामच्या वडिलांचं गाव मागे गेलं. इकडे गोपाळ खडकीच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होता, युद्धात इराक-इराणपर्यंत जाऊन आलेला. त्याने गावाकडचं काम दाखवून रजा मागितली, ती एकदा नाकारली गेली, दुसऱ्या अर्जावर मिळाली. आणि तो रिव्हॉल्व्हर घेऊन दिल्लीला गेला. ५ फेब्रुवारीला पोलिसांनी त्याला पकडलं ते उकसाणला.

मधले दिवस कसे गेले? इथे खरी चीड यावी. २० जानेवारीला मदनलाल पाहवाने बिर्ला भवनाच्या भिंतीशी स्फोट केला आणि पकडला गेला. त्याने पोलिसांना जे सांगितलं त्यात पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. पुण्यातून निघणाऱ्या वर्तमानपत्रांची यादी मुंबई सरकारकडे होती, त्यात ‘हिंदू राष्ट्र’समोर संपादक म्हणून एन. व्ही. गोडसे हे नाव होतं. याच सरकारने त्या पत्राकडून आधी अनामत मागितलेली. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मुंबईत बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांना मदनलालबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगितलं. मुंबईचे पोलिस अधिकारी नगरवाला तपास करत होते, पण त्यांच्या डोक्यात बसलं की हा गांधींना पळवून नेण्याचा कट आहे. बघा, पोलिसांचीही एक थिअरी होती! आणि पुण्याचे डीआयजी राणा त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब त्यांच्या हातात दिला गेला. तो घेऊन ते रेल्वेने निघाले, अलाहाबादमार्गे, आणि मुंबईत पोचले २७ तारखेला. त्याच दिवशी नथुराम आणि आपटे विमानाने मुंबईहून दिल्लीला गेले.

हे सगळं कपूर आयोगाच्या अहवालात आहे. आयोग नेमावा लागला त्याचं कारणही पुण्यातच घडलं. नोव्हेंबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे आणि विष्णू करकरे यांच्या सुटकेप्रीत्यर्थ सत्यनारायण घातला गेला, आणि तिथे टिळकांचे नातू, संपादक ग. वि. केतकर, बोलता बोलता म्हणाले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. संसदेत गदारोळ झाला. त्या दिवशी कुणी गोंदणाबद्दल विचारलं नाही, नथीबद्दल विचारलं नाही. प्रश्न हा होता की कोणाला माहीत होतं, आणि कोणी कोणाला सांगितलं.

पुढचा भाग त्या सत्यनारायणावरच करतोय. केतकरांनी कोणाला, कधी कळवल्याचं सांगितलं, आणि आयोगाने ते कितपत मानलं, ते त्यात बघू. तोवर उकसाणकडचे कुणी ऐकत असाल तर जरूर लिहा, गावात त्या फेब्रुवारीच्या आठवणी कशा सांगितल्या जातात ते. फक्त एक विनंती, आज तिथे राहणाऱ्या कुणाच्या घराचा पत्ता पाठवू नका.