एरंडोलचा कागद, हुंडी आणि सरकारी नोट

एरंडोल हें जुन्या काळीं हातकागदाकरितां प्रसिद्ध होतें, हें पोथ्या व दफ्तरें जमविणारांस सांगावयास नकोच. मात्र कागदी पैशाची गोष्ट निघाली म्हणजे आपले संग्राहक १८६१ च्या १९ व्या कायद्यापासून आरंभ करतात. आमच्या मतें हा आरंभ चुकीचा आहे.

कागद पाहून रुपये मोजण्याची रीत खानदेशच्या पेठांस नवी नव्हती. दर्शनी हुंडी दाखवितांच पटे, मुदती हुंडी ठरल्या मितीस. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, तीही गेल्यास परपेठ लिहून मिळे. पटलेली हुंडी ती खोखा. रकमेंत फेरफार होऊं नये म्हणून निमी रक्कम लिहून तिची दुप्पट असा उल्लेख करीत. शंभराच्या हुंडींत पन्नासाचाही आंकडा आढळतो तो यामुळें.

सरकारी नोटेस हा मान मिळावयास पुष्कळ काळ लागला. व्हिक्टोरिया राणीचें चित्र असलेल्या पहिल्या नोटांची नक्कल होऊं लागली, म्हणून १८६७ पासून नव्या धर्तीच्या नोटा काढल्या. दुसरी अडचण मंडळांची. नोट ज्या मंडळांतून निघाली तेथेंच ती कायदेशीर चलन असे. खानदेश मुंबई इलाख्यांत; तेव्हां कलकत्त्याची नोट येथें घेण्याचें बंधन कोणावरही नव्हतें. चांगल्या पेढीची हुंडी दूरदूर चाले आणि राणीचा कागद मात्र गांव पाहून! पांच रुपयांची नोट १९०३ सालीं ब्रह्मदेशाखेरीज सर्वत्र चालूं लागली. दहा व पन्नासांची १९१० सालीं, शंभराची १९११ सालीं. शेजारच्या अकोल्याचें नांव छापलेल्या नोटाही निघाल्या होत्या. त्या आज अत्यंत दुर्मिळ आहेत.

टपालांतील चोरीच्या भयानें नोटेचे दोन तुकडे करून एक आधीं पाठवीत आणि पोंच आल्यावर दुसरा. दोन्ही अर्धांवर क्रमांक असल्यामुळें ते जुळवितां येत. असे अर्ध आणि असे खोखे रद्दींत जातात, किंवा विकणारा वहींतून सुटे काढून देतो. सुट्या कागदास किंमत येते, पण तो कोणी, कोणास, कशापायीं पाठविला हें वहीबरोबरच नाहीसें होतें. घेणारानें वही, पत्र आणि तुकडा एकत्रच मागावा. तसें न मिळाल्यास निदान क्रमांक, मिती व पेढीचें नांव तेथल्या तेथें उतरून घ्यावें.