परवान्यावरचे दोन आकडे

शस्त्रपरवान्याची पुस्तिका हाती आली की बहुतेक जण बंदुकीचा रकाना आधी वाचतात. मी काडतुसांचा वाचतो. तिथे दोन आकडे असतात. एका वेळी जवळ किती काडतुसे ठेवायची हा एक, वर्षभरात किती विकत घ्यायची हा दुसरा. मागच्या पानांवर दुकानदाराच्या नोंदी असतात: तारीख, नग, सही-शिक्का. दुसरा आकडा भरला की दुकानदार हात वर करतो.

शेतातल्या घरी राखणीला बंदूक ठेवणाऱ्याला या आकड्यांचा कधी काच होत नाही. त्याची डझनभर काडतुसे दहा वर्षे पुरतात आणि ती उडवायची वेळ आलीच नाही तर घरात सगळे खूश असतात. नेमबाजाचे नेमके उलटे. ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या मोजून झाडायच्या असतात, त्याआधी नेम जुळवायला मारायच्या सायटर वेगळ्या. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ तबकड्या उडतात आणि प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा असते. ही झाली एका दिवसाची स्पर्धा. सरावाला दिवसाला शंभर गोळ्या धरा, वर्षाचे दोनशे दिवस धरा. वीस हजार झाल्या. एकाच रकान्यात या दोन माणसांचा हिशेब बसवायची पद्धत आली कुठून, हे शोधायला लागलो आणि वाशीमपासून लिस्बनपर्यंत जाऊन आलो.

लिस्बन अशासाठी, की ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत आला. मूळ अर्थ कागदाची सुरळी. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळायची, दातांनी सुरळी फाडायची, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने ठासायची. ‘बंदूक’ हा शब्दही मुळात गोळीचाच, असे कोशकार सांगतात: अरबीत ‘बुन्दुक’ म्हणजे हेझलनटसारखे गोल फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. आज बंदूक मोठी आणि गोळी तिची आश्रित वाटते, पण शब्दांत वडीलकी गोळीकडे आहे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात काडतुसाची मोजदाद ठेवणे कोणत्याही सरकारला अवघडच होते. सोरा, गंधक, कोळसा कुटून दारू घरी होई. शिसे वितळवून गोळी किंवा छर्रे साच्यात ओतता येत. ठिणगी पाडणारी वरची टोपी तेवढी बाजारातून आणावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सारे एका पितळी नळकांड्यात बंद झाले. गोळी, दारू आणि ठिणगी एकत्र. आणि ते नळकांडे कारखान्याखेरीज कुठेही होईना. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. आजही नेमबाज ज्या छोट्या काडतुसावर शिकतात, ते पॉइंट टू टू लाँग रायफल अमेरिकेत १८८७ साली आले. माझ्या मते परवान्यावरच्या आकड्याचा खरा जन्म या पितळेत आहे. घरी न होणारी वस्तूच मोजून देता येते.

मोजून देण्याची इच्छा मात्र त्याआधीची. १८५७च्या उठावाला काडतूसच निमित्त झाले होते, एनफिल्डचे, चरबी लावलेले. त्याच वर्षी आणि पुन्हा १८६० साली शस्त्रांचे कायदे आले, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्र कायदा झाला. हत्यारासोबत दारूगोळाही परवान्याखाली आला. युरोपियनांना मात्र सूट होती. या भेदाची सल फार खोल गेली. काँग्रेसने स्थापनेनंतर दोन वर्षांतच, १८८७च्या मद्रास अधिवेशनात, या कायद्यात बदल मागणारा ठराव केला.

आता वऱ्हाड, म्हणजे वाशीम ज्यात येते तो मुलूख. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे ब्रिटिश मुलखाचे कायदे इथे आपोआप येत नसत. ते वेगळ्या हुकमांनी लागू करावे लागत. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजी कागदांत ‘बासिम’. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. मधली त्र्याण्णव वर्षे इथल्या माणसाला परवान्याच्या सहीसाठी अकोल्याची वारी होती.

हौसेची नेमबाजी मात्र तेव्हाही या माळांवर होत होती. साहेबाची शिकार. काळवीट उघड्या रानात चरतो, लांबून दिसतो आणि वाऱ्यासारखा पळतो, म्हणून रायफलवाल्याला तो हवासा. त्याच काळविटाला फासेपारधी शिंगांच्या आणि चामड्याच्या वादीच्या फाशांनी धरत. त्यांना काडतूस लागत नव्हते आणि कोणी दिलेही नसते. गोऱ्यांच्या स्वयंसेवक पलटणी होत्या, नागपूरची होती, रेल्वेची होती. त्यांना चांदमारीचे मैदान आणि सरावाच्या गोळ्या मिळत. देशी माणसासाठी नेम हा खेळ असू शकतो, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. त्याच्या हातातले प्रत्येक काडतूस म्हणजे उद्याच्या बंडाची शक्यता. वार्षिक आकड्याच्या मुळाशी ही भीती आहे, आणि ती मला आजच्या छापील नमुन्यातही दिसते.

वंशावर आधारलेली सूट १९२०च्या नियमांनी गेली. १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. तो ठराव घेऊन डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत उभे राहिले हरी विष्णू कामत. ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा वाशीम होते त्याच प्रांताचे. शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती पडली. मला आंबेडकरांचा निर्णय योग्य वाटतो. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, वर्षाच्या आरंभी गांधीजींचा खून झाला होता. पण त्या चर्चेतही बोलणे संरक्षणाचे आणि सत्तेचेच झाले. निशाणावर गोळी मारण्यात आनंद मानणारा माणूस त्या सभागृहात कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. शस्त्रे आणि दारूगोळा केंद्राच्या सूचीत गेले. म्हणून आजही वाशीमच्या परवान्यावर सही जिल्हाधिकाऱ्याची असते आणि नियम दिल्लीचे असतात.

खेळाला घर मिळाले ते १९५१ साली. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वाढलेला हा मराठी माणूस. देशभरचे नवे नेमबाज आजही ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय पातळी गाठतात, ती ‘मावळंकर’. नेमबाजांच्या तोंडी ते नाव स्पर्धेचेच झाले आहे: “यंदा मावळंकर खेळलास का?”

१९५९चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणाच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तर परवाना द्यावा, असे त्यात २०१९च्या दुरुस्तीपर्यंत स्पष्ट होते. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचाही वेगळा उल्लेख आहे. म्हणजे बंदुकीपुरते कायद्याने खेळाडूला ओळखले. काडतुसाचे रकाने मात्र नियमांवर आणि छापील नमुन्यावर सोडले, आणि नमुना जुनाच होता.

वाशीम जिल्ह्याला याच्यावर आणखी एक वेढा पडला, तो वन्यजीवांच्या बाजूने. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचा उरलासुरला दरवाजाही बंद झाला. त्याच कायद्याचे चौतिसावे कलम सांगते, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देऊ नये. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, काळविटांसाठी राखलेले. साहेबाने ज्याच्यासाठी रायफल आणली, त्याच्यासाठी आता रायफल दूर ठेवायची. हे मला मनापासून पटते. सोहोळच्या माळावर काळविटांचा कळप उड्या घेत जाताना ज्याने पाहिला त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण कलमात ‘परवाना’ एवढाच शब्द आहे. त्या वर्तुळातल्या गावातली एखादी मुलगी कागदी निशाणासाठी पॉइंट टू टू मागेल, तर तिचा अर्जही त्याच वाटेने जाणार.

वर्तुळात राहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आणखी वेगळे. रोही आणि रानडुकरे रात्रीतून सोयाबीन, तूर, हरभरा उद्ध्वस्त करतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढेच म्हणतो, की पीकरक्षण, घररक्षण आणि खेळ या तीन गरजा एकाच खिडकीपाशी रांगेत उभ्या आहेत आणि खिडकीतल्या माणसाला तिघांचे चेहरे सारखेच दिसतात.

खेळाडूंसाठी नियम हळूहळू सैल झाले, हे सांगायलाच हवे. २०१६च्या शस्त्र नियमांनी नेमबाजांचे वेगवेगळे वर्ग केले. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, तरी खेळाडूंना त्यातून वगळले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने खेळाडूंचा काडतुसांचा वार्षिक कोटा बराच वाढवला. परदेशी काडतुसे आणायची सवलतही नामवंत नेमबाजांना आहे. घोळ आहे तो ‘नामवंत’ या पायरीत. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले की ती पायरी मिळते. गुण मिळवायला सराव लागतो, सरावाला काडतुसे लागतात, आणि पुरेशी काडतुसे पायरीनंतर मिळतात. मुंबई-पुण्याच्या मुलासाठी हा फेरा क्लब फोडतो. वरळीच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर साठा असतो, प्रशिक्षक असतात. वाशीमहून ती रेंज रात्रभराच्या प्रवासावर आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. पॉइंट टू टूची प्रत्येक रायफल आपले काडतूस निवडते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही लॉटगणिक फरक पडतो. एक लॉट ५० मीटरवर दहाच्या वर्तुळात गोळ्या एकावर एक बसवतो, दुसरा पसरवतो. म्हणून मोठे नेमबाज अनेक लॉट तपासतात आणि जमलेला लॉट वर्षभरासाठी एकदम उचलतात. ‘एका वेळी इतकीच’ हा आकडा इथे आडवा येतो. थोडी थोडी घेणाऱ्याच्या हाती दर वेळी नवा लॉट पडतो, आणि चूक आपली की काडतुसाची हे त्याला कधीच नीट कळत नाही. गोळ्या वाचवायच्या म्हणून तो ड्राय फायर करतो: रिकाम्या रायफलने श्वास, पकड, ट्रिगर. त्याने हात घडतो. धक्का आणि वारा मात्र खऱ्या गोळीशिवाय शिकता येत नाहीत.

पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्या दिवशी गावोगावच्या मुलांनी विचारले, आम्हाला हे जमेल का? कांबळवाडीतून पॅरिसला जाणारा रस्ता राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेला, जिथे रायफल आणि गोळ्या मुलाच्या नावावर नसून संस्थेच्या असतात. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतही कोल्हापूरच्याच. एका जिल्ह्यातून इतके नेमबाज निघतात याला गुणांइतकीच परंपरेची आणि हाताशी असलेल्या सोयीची जोड असते.

निर्बंध उठवा असे मी म्हणत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणसे मेली आहेत. २०१९च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही ठेवले, ते योग्यच झाले. निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात, खेळाडूंना त्यातून सूट मागता येते, त्यालाही हरकत नाही. ब्रिटनमध्येही रायफलच्या प्रमाणपत्रावर किती गोळ्या जवळ ठेवायच्या हा आकडा असतोच, आणि डनब्लेनच्या हत्याकांडानंतर १९९७ साली तिथे पिस्तुलांवर अशी बंदी आली की त्यांच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. मोजणी हवीच. माझा आग्रह मोजायच्या जागेबद्दल आहे. राखणदाराचे काडतूस कपाटात मोजावे, कारण ते तिथेच राहणार. नेमबाजाचे रेंजवर मोजावे, कारण ते तिथेच संपणार. किती दिली, किती झाडली, किती रिकामी पुंगळी परत आली, हे क्लबच्या वहीत त्याच दिवशी लिहिता येते. १९५९च्या कायद्यातला रायफल क्लब हाच तर आहे. असा एक क्लब, साठ्याच्या परवान्यासह आणि पोलिसांच्या नजरेखाली, वाशीमसारख्या जिल्ह्यात उभा राहिला तर वैयक्तिक परवान्यावरच्या दोन्ही आकड्यांना हातही लावावा लागणार नाही.

तोवर इथल्या मुलांकडे एअर रायफल आहे. नळी ०.१७७ इंची आणि जोर वीस ज्यूलच्या आत असला की परवाना लागत नाही, छर्ऱ्यांनाही नाही. पाचशे छर्ऱ्यांचा डबा, भिंतीशी लावलेले निशाण, आणि गोठ्यात किंवा ओसरीत मोजून काढलेले दहा मीटर. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण जिंकले ते याच दहा मीटरवर. वाशीमच्या मुलीने तिथे साठपैकी साठ छर्रे नीट बसवले, की तिला पन्नास मीटरची ओढ लागेल. मग ती पन्नास काडतुसांची पहिली डबी मागायला जाईल, आणि दुकानदार तिला पुस्तिकेचे ते पान उघडायला सांगेल.