नाव एकाचं, विमान दुसऱ्याचं

पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून फ्रँकफर्ट आणि तिथून हॅम्बुर्ग असं एअर इंडियाचं एकच तिकीट काढलं, तर तिन्ही फ्लाइट नंबरांची सुरुवात ‘एआय’ने झालेली दिसू शकते. मात्र शेवटच्या टप्प्याखाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय लुफ्थान्सा’ असंही छापलेलं असतं. तिकीट विकलं एका कंपनीने. विमान, वैमानिक आणि कर्मचारी दुसरीचे. यालाच कोडशेअर म्हणतात. आज जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्या अशी भागीदारी करतात, पण तिचं मूळ सापडतं ते एका लहान गावात.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउनला 1960च्या दशकात अलेघेनी एअरलाइन्सची विमानं येत. मोठं विमान भरेल इतके प्रवासी तिथे मिळत नव्हते. सेवा चालू ठेवावी तर तोटा, बंद करावी तर गाव हवाई नकाशावरून पुसलं जाणार. त्याच गावात रिचर्ड हेन्सन यांची छोटी हवाई सेवा होती. फेअरचाइल्डच्या विमान कारखान्यात चाचणी-वैमानिक म्हणून त्यांनी नाव कमावलं होतं. 1967मध्ये अलेघेनीने हेगर्सटाउन–बाल्टिमोर हा मार्ग त्यांच्याकडे सोपवला. विमानं लहान आणि हेन्सनची, त्यांच्यावर नाव मात्र ‘अलेघेनी कम्युटर’. गावाची सेवा टिकली आणि अलेघेनीचा तोटा थांबला. कोडशेअरचा जन्म असा खऱ्याखुऱ्या गरजेतून झाला.

त्याचा प्रसार मात्र संगणकाच्या पडद्याने केला. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने उभारलेली ‘सेबर’ ही आरक्षण यंत्रणा 1976पासून ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलांवर पोहोचली; युनायटेडची ‘अपोलो’ही तिच्या जोडीला आली. एजंटने दोन शहरं टाइप केली की फ्लाइटची यादी उमटे. फोनवर गिऱ्हाईक ताटकळत असताना पुढची पानं उलटत बसायला कोणाला सवड? जे वर दिसे तेच विकलं जाई. म्हणून यंत्रणेच्या मालक कंपन्या आपल्याच फ्लाइट वर ठेवू लागल्या. 1984मध्ये अमेरिकी नियामकाने त्याला मनाई केली. तरीही यादीतला एक जुना क्रम कायम राहिला: मध्ये विमान बदलायचं असेल, तर दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे असलेला पर्याय वर आणि कंपनी बदलणारा पर्याय खाली.

पळवाट इथेच होती. छोट्या कंपनीच्या फ्लाइटला मोठीच्या कोडची दोन अक्षरं दिली की यंत्रणेच्या लेखी कंपनी बदलतच नसे. 1978मध्ये अमेरिकेतली हवाई वाहतूक नियंत्रणमुक्त झाली होती. छोट्या गावांतले प्रवासी एका मोठ्या विमानतळावर आणायचे आणि तिथून पुढे न्यायचे, ही पद्धत रुळत होती. त्यामुळे प्रत्येक मोठ्या कंपनीला असे छोटे साथीदार हवे होते. हेगर्सटाउनची सोय आता यादीत वर जाण्याची युक्ती झाली.

देशांच्या सीमांवर या युक्तीला आणखी बळ मिळालं. परदेशी कंपनीला दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गांवर विमान चालवण्याची परवानगी सहसा नसते. साथीदाराच्या विमानावर आपला कोड लावून तिकीट मात्र विकता येतं. 1990मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि ऑस्ट्रेलियाची क्वांटास यांच्या कोडशेअर फ्लाइट सुरू झाल्या. 1992मध्ये नेदरलँड्सने अमेरिकेशी ‘खुल्या आकाशा’चा, म्हणजे एकमेकांच्या कंपन्यांना मोकळेपणाने उड्डाणं करू देणारा करार केला. पाठोपाठ नेदरलँड्सची केएलएम आणि अमेरिकेची नॉर्थवेस्ट यांना दर आणि वेळापत्रकं एकत्र ठरवण्याची मुभा मिळाली. 1997मध्ये पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स ही युती स्थापन केली. एअर इंडिया तिच्यात 2014मध्ये सामील झाली.

मग जबाबदारी कोणाची? 1961च्या ग्वादालाहारा करारानेच तिकीट देणारी कंपनी आणि प्रत्यक्ष उडवणारी कंपनी असा भेद केला होता. 1999च्या माँट्रियल कराराने तो पुढे नेला आणि भारतात हा करार 2009मध्ये लागू झाला. दुसऱ्या कंपनीने चालवलेल्या टप्प्यावर सामान हरवलं किंवा उशिराने नुकसान झालं, तर प्रवासी दोघींपैकी कोणाकडेही भरपाई मागू शकतो.

पण भरपाईने माणूस परत येत नाही. 12 फेब्रुवारी 2009च्या रात्री अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला निघालेलं विमान कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. फ्लाइट कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या नावाची होती. विमान आणि वैमानिक कोल्गन एअर या छोट्या कंपनीचे. वैमानिकांचं प्रशिक्षण आणि त्यांचा थकवा यांवर तपासात प्रश्न उभे राहिले. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये हा विषय लावून धरला. विमान प्रत्यक्ष कोण चालवतं हे सांगण्याचा नियम अमेरिकेत आधीही होता. 2010च्या कायद्याने ते नाव शोधाच्या पहिल्याच पडद्यावर ठळक दिसणं बंधनकारक केलं. ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळ एवढ्या किमतीची आहे.

म्हणून तिकीट काढताना ती आधी वाचावी. टर्मिनल आणि चेक-इनचा काउंटर सहसा विमान चालवणाऱ्या कंपनीचा असतो. सीट निवडायला अनेकदा तिचा वेगळा पीएनआर लागतो. तो तिकीट देणाऱ्या कंपनीकडून मागून घ्यावा. त्याच विमानातल्या त्याच वर्गाचं भाडं दोन्ही कंपन्यांच्या साइटवर वेगवेगळं असू शकतं, तेव्हा दोन्हीकडे पाहावं. सामानाची मर्यादा तिकिटावर काय लिहिली आहे तेही तपासावं. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असण्याचा फायदा मोठा आहे: पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. हा फायदा जरूर घ्यावा, पण आपण कोणाच्या विमानात बसणार आहोत हे पैसे भरण्याआधी ठाऊक असलं पाहिजे.