बिअरमधील अक्रोडाचा स्वाद आणि तपकिरी माल्टचा ऱ्हास

घरी बनविलेल्या बिअरला कधी कधी भाजलेल्या अक्रोडासारखा स्वाद येतो. वास्तविक तिच्यात सुकामेवा मुळीच नसतो. तो येतो माल्टमधून, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळविलेल्या जवातून. उष्णतेने त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया होऊन खमंग द्रव्ये तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने ही अभिक्रिया १९१२ मध्ये वर्णिली. लंडनच्या पोर्टरमध्ये तपकिरी माल्ट मात्र अठराव्या शतकापासूनच होता.

त्याचा ऱ्हास रुचिपालटामुळे नव्हे, तर हिशेबामुळे झाला. जॉन रिचर्डसन याने १७८४ च्या ग्रंथात पुरस्कारिलेल्या घनतामापकाने फिकट माल्टमधून अधिक शर्करा मिळते हे उघड केले, आणि माल्टवर तर कर होता. १८१६ च्या कायद्याने अन्य रंगद्रव्यांना मनाई केली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात भाजलेल्या काळ्या माल्टचे पेटंट घेतले. फिकट माल्टमध्ये तो थोडासा मिसळला की रंग साधे; मधला खमंगपणा मात्र उणावला.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी १८८० पासून लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. हौशी मंडळी आज पुन्हा तपकिरी माल्ट वापरतात. परंतु तो आता लाकडाच्या जाळावर वाळविला जात नाही. त्यामुळे त्याच्या स्वादास जुन्या पोर्टरचाच स्वाद मानणे धाडसाचे ठरेल.