कनिष्ठाचा शब्द

नांदेडास मी शिक्षक असतां एकदां फळ्यावर गणितांत चुकलों. साऱ्या वर्गानें तें निमूटपणें उतरून घेतलें. मागाहून एक मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, चूक दिसली होती, पण आपणांस कसें सांगावें?’ ही शांतता मी शिस्त समजत होतों. विमान-अपघातांचा इतिहास वाचूं लागल्यावर मला तिचें भय वाटूं लागलें.

ता. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ विमान मुंबईहून दुबईस निघालें आणि १०१ सेकंदांत वांद्र्याजवळ समुद्रांत कोसळलें. २१३ जणांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं. विमान सरळ झालें तरी मुख्य वैमानिकापुढील यंत्र उजवा कलच दाखवीत राहिलें; म्हणून त्यानें विमान डावीकडे अधिकाधिक कलविलें. काळोखांत क्षितिज दिसत नव्हतें. सहवैमानिकाचें उत्तर संदिग्ध होतें. त्या यंत्रावर विसंबूं नका, असें विमानांतील अभियंत्यानें सुचविलें, तेव्हां अवघे कांहीं क्षण उरले होते.

१९७९ मध्यें अमेरिकेंतील नासा संस्थेनें भरविलेल्या परिषदेनंतर वैमानिकांस एक नवा धडा मिळूं लागला: कनिष्ठानें शंका स्पष्ट बोलावी, वरिष्ठानें ती विचारून घ्यावी. तरीहि २२ मे २०१० रोजीं मंगळुरास, उतरूं नका, पुन्हा वर चला, असें सहवैमानिकानें तीनदां सांगूनहि वरिष्ठानें विमान उतरविलें. १५८ जीव गेले.

नांदेड-लातूरकडे वडीलधाऱ्यांपुढें न बोलणें हा विनय मानितात. तो राहो. मात्र मूल अडखळत कांहीं सांगूं लागलें, तर हातांतलें काम ठेवून त्याचें पुरतें ऐकावें. मीं तशी संवय लावली असती, तर तें गणित त्याच तासास सुधारलें असतें.