हिरडस मावळ आणि गाईचे कोठीपोट

वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण १९२०च्या दशकात पूर्ण झाले आणि त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. अडवलेले पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे गेले. तिकडे ऊस वाढला, उसाबरोबर गोठ्यात वाढे आले. वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. पुढे संकरित गाई आल्या, खुराक वाढला आणि अपचन, पोटफुगी ही रोजची चिंता झाली.

जनावराला पचनासाठी वनस्पती देण्याची कल्पना मात्र फार जुनी. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त बैलांच्या खुराकात पेंड, कोंडा आणि पाच पल मीठ आहे. दुधाऐवजी द्यायच्या पेयात एक पल आलेही सांगितले आहे. कारण ग्रंथ देत नाही. ते शोधायला सूक्ष्मदर्शक लागला. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफाँ यांनी रवंथ करणाऱ्यांच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव पाहिले. चारा आधी पचवतात ते हेच. त्यात मिथेन तयार होतो आणि खाद्यातली काही ऊर्जा ढेकरेतून वाया जाते.

येथे भाटघरचा शेजार आठवावा. नीरेच्या वरच्या खोऱ्यातल्या हिरडस मावळाच्या नावातच हिरडा ऐकू येतो. इंग्रजी अमदानीत सह्याद्रीतला हिरडा कातडी कमावण्यासाठी विलायतेला जाई. जे टॅनिन कातड्यातील प्रथिनांना धरते, तेच कोठीपोटात खाद्यातील प्रथिनांना धरते. चौथ्या पोटाच्या आम्लात ती सुटतात. २००६ मध्ये इज्जतनगरच्या संशोधकांनी म्हशीच्या कोठीपोटातील रसावर केलेल्या प्रयोगात हिरड्याच्या अर्काने मिथेन घटल्याचे नोंदवले. त्याच वर्षी युरोपने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली आणि वनस्पतींना भाव आला. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ तयार केले. मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असा तिचा दावा आहे.

तरीही काचेच्या नळीतला रस म्हणजे गाय नव्हे. टॅनिनचे प्रमाण चुकले तर चारा कमी पचतो, भूकही मरते. मूठभर हिरडा टाकला की झाले, असे समजणे धोक्याचे. मात्रा, चारा आणि दूध यांचा हिशेब गोठ्यातच मांडावा लागेल.

एक हिशेब मात्र इतिहासच मांडतो. मावळाचे पाणी खाली गेले, हिरडाही खाली गेला. उद्या त्याची पुडी होऊन तो गोठ्यात परतला, तर डोंगरात तो वेचणाऱ्याच्या पदरात वजनाचा भाव सोडून आणखी काय पडणार, हा प्रश्न पचनाइतकाच जुना आहे.