पुठ्ठ्याच्या आतला कागद

एकनाथांची ती गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे कोवळा एकनाथ हिशेब लिहायला बसतो. एका पैचा मेळ लागत नाही. रात्र सरत जाते, दिव्यातलं तेल संपत येतं आणि अखेर चूक सापडते तेव्हा पोरगा आनंदानं उसळतो. एका पैसाठी एवढा आनंद, तर तेवढंच चित्त देवाकडे लावलंस तर काय होईल, असं गुरू विचारतात. कीर्तनकार इथून अभंगाकडे वळतो. आपण मात्र वहीपाशी थांबू. त्या वहीचा कागद कुठला होता? ती शिवली कुणी?

गोष्ट आख्यायिका आहे हे मान्य. पण सोळाव्या शतकात किल्ल्याचा कारभार म्हणजे वह्यांचा ढीग, हे तर खरंच. आणि या किल्ल्याला कागद लांबून आणायची गरज नव्हती. दौलताबादहून खुलताबाद-वेरूळकडे निघालात की वाटेवर कागजीपुरा लागतो. शनिवारी-रविवारी वेरूळची लेणी बघायला गाड्या याच रस्त्यानं धावतात. त्यातल्या फार थोड्या इथं थांबतात.

१३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं हलवली. त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कागजी आले आणि पाण्याच्या सोयीनं या जागी वसले, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. तुघलकाची राजधानी काही वर्षांतच परत गेली, शाळेच्या पुस्तकात तो वेडेपणाचा नमुना म्हणून उरला. कागद मात्र राहिला. त्याचं कारण मला नकाशातच दिसतं. कागजीपुऱ्याच्या एका अंगाला दौलताबाद, म्हणजे दफ्तर. दुसऱ्या अंगाला खुलताबाद, म्हणजे सूफींच्या खानकाह. कागदाची सर्वाधिक भूक असलेली ही दोन गिऱ्हाइकं. १३३७ साली वारलेले शेख बुऱ्हानुद्दीन गरीब खुलताबादेत होते. त्यांची बोलणी शिष्यांनी बसल्या बैठकीतून टिपून ठेवली. काशानी घराण्यातल्या भावांनी त्याचे ग्रंथ केले, ते आजही अभ्यासले जातात. कुणी बोलतंय, कुणी लिहून घेतंय, म्हणजे कुणीतरी ताव पुरवतंय आणि कुणीतरी ते शिवतंय.

हातकागदाचं काम अंगाचं पाणी करणारं. अंबाडी, ताग, जुनी गोणपाटं, दोर, चिंध्या आणि रद्दी भिजवायची, चुन्यात मुरवायची, कुटायची, धुवायची, पुन्हा कुटायची. त्याचा लगदा हौदातल्या पाण्यात ढवळायचा. गवताच्या काड्यांची बारीक चटई साच्यावर टाकून ती हौदात बुडवायची आणि हलकेच हलवत वर काढायची. पाणी गळून जातं, वर कागदाची साय उरते. आपल्याकडचा कागजी हौदाच्या काठाशी बसून हे करायचा, युरोपातला उभ्यानं. अमेरिकन कागद-अभ्यासक डार्ड हंटर १९३७ साली भारतातल्या कागज्यांना बघायला आला आणि १९३९ साली त्यानं त्यावर पुस्तक काढलं. ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवत. मग खळ लावायची आणि दगडानं घोटायचं, म्हणजे बोरू अडत नाही आणि शाई फुटत नाही. दौलताबादी, बहादूरखानी, जुन्नरी ही जुन्या कागदाची नावं आज गावांची किंवा माणसांची वाटतात. तेव्हा ती दर्जाची नावं होती.

ताव झाला म्हणजे वही झाली असं नाही. इथं बांधणी करणारा येतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे चमत्कारिक शांतता आहे. लेखनिक ग्रंथाच्या शेवटी नाव, गाव, शक घालतो. ‘हस्तदोषाबद्दल क्षमा करा’ असंही लिहितो. चित्रकार कधीमधी सही करतो. बांधणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं. जहांगीरच्या एका चित्रसंग्रहातल्या पानाच्या हाशियात, म्हणजे समासात, ग्रंथ तयार करणारे कारागीर रंगवलेले आहेत. त्यात कागद घोटणारा आहे, बांधणी करणारा आहे. ते पान आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. बादशहाच्या चित्रसंग्रहातसुद्धा बांधणाऱ्याला जागा मिळाली ती समासात. याहून नेमकी जागा मला सुचत नाही.

मराठी घरांत त्याची गरज कमी भासण्याचं एक कारण होतं. आपली पोथी सुट्या पानांची. वर-खाली लाकडी फळ्या, भोवती बासन, झालं. चामड्यात बांधलेला ग्रंथ सोवळ्यात कसा चालणार? एखादा विषय ‘बासनात गुंडाळला’ असं आपण आज म्हणतो तेव्हा हीच पद्धत बोलत असतो. पण पोथीची काळजी घ्यायची अक्कल आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात रामदास बोरू आणि शाईबरोबर कात्री, खळ, घोटणी, मेणकापड, पेट्या आणि कुलुपंसुद्धा मोजतात. अध्यात्माच्या ग्रंथात स्टेशनरीची यादी वाचताना गंमत वाटते. ती यादी ज्यानं केली त्यानं ओलीनं खाल्लेली पानं डोळ्यांनी बघितली असणार.

शिवलेलं पुस्तक हे फारसी-अरबी परंपरेतलं. पानं दुमडून त्यांचा जुज करायचा, आजचा बाइंडर त्याला फर्मा म्हणतो. मग जुजाला जुज दोऱ्यानं ओवत जायचं, ती जुजबंदी. जुज म्हणजे भाग, अंश. आपण ‘जुजबी ओळख’ म्हणतो त्यातला जुजबी याच घरातला. शिवलेला गठ्ठा शिकंज्यात आवळायचा, पाठीला खळ लावायची, पुठ्ठे जोडायचे, वर चामडं चढवायचं. जुन्या इस्लामी बांधणीत पुठ्ठा पानांच्या मापाचाच असतो, बाहेर डोकावत नाही. मागच्या पुठ्ठ्याला एक जीभ असते, ती पानांच्या कडेवरून वळून येते आणि धूळ अडवते. इंग्रजी पद्धत आली तशी ती जीभ गेली, पाठ गोल झाली, पुठ्ठे पानांपेक्षा मोठे झाले.

पण माझी नजर खिळते ती पुठ्ठ्यावर. पुठ्ठा विकत मिळत नव्हता, तेव्हा तो करायचा कशाचा? खळ लावून एकावर एक चिकटवलेल्या कागदांचा. आणि चांगला कोरा ताव कोण असा वाया घालवेल? हाताशी असलेली रद्दी जायची: बाद झालेला हिशेब, चुकलेली नक्कल, कुणाला नको असलेलं पत्र. जगभर जुन्या पुठ्ठ्यांचे थर सुटले की आतून असे कागद निघतात. म्हणजे एक ग्रंथ जपण्यासाठी बाइंडर दुसऱ्या कागदांना भिंतीत चिणत होता. कागजी तर त्याच्याही पुढे. त्याच्या हौदात रद्दी पडली की अक्षर उरतच नसे.

वि. का. राजवाडे बखरी आणि पत्रांसाठी गावोगाव वणवण फिरले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. वाण्याच्या पुडीत आणि वाळवीच्या तोंडात गेलेल्या कागदांची हळहळ आपण त्यांच्यापासून शिकलो. त्यात हौद आणि पुठ्ठा हेही धरायला हवेत. मला यात कारागिराचा दोष दिसत नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचा मालक; बाइंडरच्या दुकानात ते ठरून आलेलं असे.

याच पुठ्ठ्याच्या अंगावर दख्खनची एक अप्रतिम कला चढत असे, तिचं नाव अब्री. अब्र म्हणजे फारसीत ढग. तुर्कस्तानात तिला एब्रू म्हणतात, २०१४ साली युनेस्कोनं ती वारशाच्या यादीत घेतली. पसरट भांड्यात दाट केलेलं पाणी घ्यायचं. फारसी कृतींमध्ये त्यासाठी मेथीचा बुळबुळीत चीक सांगितला आहे. त्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे. रंग बुडू नये, पसरावा म्हणून त्यात काही मिसळावं लागतं. तुर्क आणि युरोपीय कारागीर बैलाचं पित्त वापरत. थेंब फुलतात, एकमेकांना रेटतात. काडीनं किंवा फणीनं ते ओढायचे आणि वरून कागद अलगद टेकवायचा. उचलला की पाण्यावरचा ढग कागदावर. तो ढग पुन्हा तसा उमटत नाही. दुसरा कागद टेकवाल तर दुसरंच काही येईल.

इतर ठिकाणी हा कागद समासाला, अस्तराला, सुलेखनाच्या पार्श्वभूमीला वापरला गेला. सतराव्या शतकातल्या दख्खनी चित्रकारांनी, विशेषतः विजापूरच्या परिसरात, त्यातून चित्रंच काढली. कागदाचा जो भाग कोरा राहायला हवा तो झाकून घ्यायचा आणि उरलेल्यावर रंग घ्यायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असं एक चित्र आहे: खंगलेल्या घोड्यावर बसलेला जोगी. २०१५ साली तिथं दख्खनच्या सुलतानांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ही चित्रंही मांडली होती. फोनवर शोधा आणि मोठं करून बघा. रंगाच्या लाटा घोड्याच्या बरगड्यांवरून गेल्या आहेत, आणि त्या लाटांमुळेच तो घोडा जास्त उपाशी दिसतो.

ढग पुन्हा तसाच येत नाही, याचा व्यवहारात उपयोग असा की नक्कल करणं अवघड. बेंजामिन फ्रँकलिननं १७७५ साली अमेरिकेच्या वीस डॉलरच्या नोटेला असा कागद कडेला वापरला. युरोपात हिशेबाच्या वह्यांच्या कडांवर हीच नक्षी घेत. मधलं पान फाडलं तर कडेची रेघ तुटते आणि चोरी दिसते. एका पैचा शोध घेणाऱ्या एकनाथांना हे आवडलं असतं. आपल्याकडच्या सरकारी आणि शाळेच्या रजिस्टरांवर, पाठीला कापड आणि बाजूला ढगाढगांचा कागद असायचा, तो याच कुळातला. फक्त तो छापील, हजार रजिस्टरांना एकच ढग. दुकानदार त्याला मार्बल पेपर म्हणतो. उत्तरेकडे अबरी हा शब्द अजून बाइंडरांच्या तोंडी सापडतो.

मलिक अंबरनं १६१० साली वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नाव कुठलंही असो, या शहरात बांधायला पुस्तकं कायम होती. पाणचक्कीवर पर्यटक चक्की आणि हौद बघतात. तिथल्या बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्याला ग्रंथालयही होतं. अठराव्या शतकातले पंडित आझाद बिलग्रामी काही वर्षं तिथं राहिले. विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार इथूनच चालवला, १९२१ साली ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथूनच सुरू झालं. मग १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय, पुढचं मिलिंद, आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ. ज्यांच्या घरात आधी एकही पुस्तक नव्हतं अशा घरांतली मुलं ग्रंथालयात शिरली. एकच प्रत शंभर हातांतून जायची आणि वर्षभरात खिळखिळी होऊन बाइंडरकडे यायची.

त्याचं वर्ष पावसासारखं ठरलेलं. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, दिवाळीला व्यापाऱ्यांच्या चोपड्या, मार्चअखेरीला कचेऱ्यांची रजिस्टरं, अधूनमधून ग्रंथालयांची खेप आणि सोनेरी अक्षरांचे काळे प्रबंध. मांडी घालून बसायचं, गुडघ्याशी फर्मे, हातात दाभण. मैद्याच्या खळीत मोरचूद, कीड लागू नये म्हणून. त्याची हिरवट-निळी झाक नखांत बसते. टाका सैल पडला तर पुस्तक उघडताना हबकतं, फार आवळला तर उघडतच नाही. कटिंग मशीन आलं तसा वेग वाढला आणि एक नुकसानही झालं. दर नव्या बांधणीत कडा कापली जाते. तिसऱ्या बांधणीपर्यंत समासात पेन्सिलीनं लिहिलेलं अर्धं जातं, कधी छापील ओळीची शेवटची अक्षरंही. मग आली नुसत्या गोंदावरची बांधणी. स्वस्त, देखणी, पण दोरा नसल्यामुळे पानं सुटली की पुन्हा शिवायला घडीच उरत नाही.

कागजीपुऱ्यात हातकागद आजही थोडाफार होतो. पाकिटं, पिशव्या, लग्नपत्रिका, भेट द्यायच्या डायऱ्या. दफ्तर आणि खानकाह ही जुनी दोन्ही गिऱ्हाइकं गेली. आलेला पर्यटक कागद हातात घेऊन ‘किती सुंदर’ म्हणतो आणि फोटो काढतो. त्यावर कुणी हिशेब लिहीत नाही.

जुन्या ग्रंथांचं जतन करणारे आता बाइंडरचं काम उलट्या दिशेनं करतात. दोरा कापण्याआधी टाक्यांचा नकाशा काढतात, कारण एवढ्यावरूनच कधीकधी कळतं की दोन ग्रंथ एकाच हातानं शिवलेत. मग फुटलेला पुठ्ठा ओलसर करून वाट बघायची. खळ हळूहळू सुटते. बोथट पातं थरांमध्ये घालून एकेक ताव वेगळा करायचा, टिपकागदावर पसरायचा. घोटलेला कागद असेल तर शाई बऱ्याचदा टिकून असते: कुणाची तरी बाकी, धान्याचं माप, अर्धं पुसलेलं नाव, आणि त्याच्या कडेला ज्यानं तो इथं चिकटवला त्याच्या खळ लागलेल्या अंगठ्याचा ठसा.